निळ्या उजेडातला रंग

साडीच्या दुकानात जाणती बाई पसंत पडलेली साडी हातात घेऊन आधी दाराशी जाते. आत दिव्याखाली मोरपिशी दिसणारा रंग बाहेर उन्हात भलताच निघू शकतो, हे तिला पक्के ठाऊक असते. दुकानदारही त्यात अपमान मानत नाही. रंग नुसता कापडाचा नसतो, उजेडाचाही असतो, हे दोघांनाही मान्य असते. शिवाय कोणता उजेड प्रमाण मानायचा, याबद्दलही दोघांचे एकमत असते. तो उजेड बाहेरचा, दिवसाचा.

असे एकमत जिथे नाही, अशा एका बाजाराविषयी हा लेख आहे. खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ पाळण्याचा छंद अमेरिका, युरोप, जपान अशा ठिकाणी चांगला रुजला आहे. या छंदाची खरेदी-विक्री आता मोठ्या प्रमाणावर इंटरनेटवर होते. विकले जाते ते अख्खे झाड नव्हे, तर मूळ वसाहतीचा कापलेला एक तुकडा. छंदाच्या भाषेत त्याला ‘फ्रॅग’ म्हणतात. अनेकदा तो अंगठ्याच्या नखाएवढाच असतो आणि चिनी मातीच्या छोट्या चकतीवर चिकटवलेला असतो. पडद्यावरच्या फोटोत त्याला जांभळे बूड, नारिंगी टोके, पोपटी तोंडे आणि विजेच्या पाटीसारखी चमकणारी कड असते. दोन दिवसांनी खोक्यातून, पाण्याच्या पिशवीतून जे बाहेर येते ते पुष्कळदा मातकट, तपकिरी, फार तर हिरवट असते. खरेदीदार म्हणतो, फसवले. विक्रेता म्हणतो, फोटोला मी हातही लावलेला नाही.

दोघेही खरे बोलत असू शकतात, आणि नेमकी तीच या प्रकरणातली अडचण आहे. कापडाच्या, फर्निचरच्या किंवा घराच्या जाहिरातीत फोटो खोटा ठरवायला मूळ वस्तू समोर ठेवली की पुरते. इथे मूळ वस्तूच उजेडाप्रमाणे, आठवड्याप्रमाणे आणि तब्येतीप्रमाणे बदलते. ती वस्तू नाही, प्राणी आहे.

रंग राहतो कुठे?

मराठी माणसाच्या मनात प्रवाळ म्हटले की अंगठीतले पोवळे उभे राहते. ते मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या एका वेगळ्या जातीच्या प्रवाळाचे असते आणि त्याचा तांबडा रंग थेट त्याच्या सांगाड्यात मुरलेला असतो. म्हणून प्राणी मेल्यावर, घासून पॉलिश केल्यावरही पोवळे तांबडेच राहते. टाकीतली प्रवाळे बहुतांशी या जातीची नसतात. त्यांतल्या कठीण, शैलभित्ती बांधणाऱ्या प्रवाळांचा सांगाडा चुन्याचा आणि पांढरा असतो. सारा रंग त्यावरच्या पातळ, जिवंत पापुद्र्यात असतो. पापुद्रा गेला की उरते ते पांढरे दगडी फूल.

या पापुद्र्यात दोन निरनिराळ्या मालकांचे रंग एकत्र नांदतात. पहिला रंग भाडेकरूचा. प्रवाळाच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. या शैवालाचा रंग सोनेरी तपकिरी. निरोगी प्रवाळ बहुधा तपकिरी छटेचे असते ते यामुळेच. मालवणच्या समुद्रात मुखवटा लावून डोके बुडवणाऱ्याला खडकांवर जी प्रवाळे दिसतात ती अशीच तपकिरी, पिवळट, शेवाळी असतात. त्यांत काही उणे नाही. भाडेकरू घरात असल्याची ती खूण आहे.

दुसरा रंग यजमानाचा स्वतःचा. प्रवाळ काही विशेष प्रथिने तयार करते. त्यांतली काही प्रकाशाचा ठरावीक भाग शोषून घेतात आणि जांभळी, गुलाबी, निळी दिसतात. ती पांढऱ्या उजेडात खुलतात, निव्वळ निळ्या उजेडात काळवंडतात. दुसरी काही प्रथिने याच्या उलट वागतात. निळा प्रकाश गिळून ती हिरवा, नारिंगी किंवा तांबडा प्रकाश बाहेर टाकतात. या गुणाला फ्लुओरेसन्स, मराठीत प्रतिदीप्ती, म्हणतात. हायलायटर पेनाची शाई कागदाहून उजळ दिसते, किंवा ऑर्केस्ट्राच्या जांभळ्या दिव्याखाली पांढरा सदरा पेटल्यासारखा दिसतो, त्यामागे हेच तत्त्व आहे.

ही प्रतिदीप्ती दिवसाच्या उजेडातही चालूच असते, पण परावर्तित प्रकाशाच्या लोंढ्यात ती बहुधा बुडून जाते. आकाशात दुपारीही तारे असतात, तसेच हे. पांढरा दिवा मालवून फक्त निळा ठेवला की तारे दिसू लागतात. म्हणजे एकाच तुकड्याची दोन रूपे असतात. पांढऱ्या उजेडातले एक आणि निळ्या उजेडातले दुसरे. दोन्ही त्याचीच. विक्रेता त्यांतले एक दाखवतो आणि कोणते दाखवले ते सांगत नाही. गैरसमजाची सुरुवात इथे होते.

प्रयोगशाळेतला चुलतभाऊ

या चमकणाऱ्या प्रथिनांचा इतिहास बाजाराहून कितीतरी भारदस्त आहे. जपानी संशोधक सिरो कावागुती यांनी १९४४ मध्ये पलाऊ बेटांवरील प्रवाळांच्या रंगद्रव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिरवे रंगद्रव्य प्रखर किरणांपासून संरक्षण करत असावे, असा त्यांचा तर्क होता. १९६२ मध्ये ओसामु शिमोमुरा यांनी एका जेलीफिशमधून हिरवी प्रतिदीप्ती देणारे प्रथिन वेगळे केले. जिवंत पेशीत काय चालले आहे ते पाहण्यासाठी पुढे हे प्रथिन दिव्यासारखे वापरले जाऊ लागले. त्यासाठी २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक शिमोमुरा, मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांना मिळाले.

हिरवा दिवा मिळाला, पण तांबडा मिळत नव्हता. तो १९९९ मध्ये मिखाइल माट्झ, सेर्गेई लुक्यानोव आणि त्यांच्या मॉस्कोतल्या सहकाऱ्यांनी शोधला. तो सापडला डिस्कोसोमा नावाच्या, प्रवाळांच्या नात्यातल्या छत्रीसारख्या जिवात. टाकीच्या छंदात हा जीव ‘मशरूम’ म्हणून ओळखला जातो. याच गटातला ‘जॉब्रेकर’ नावाने विकला जाणारा, तांबड्या-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांचा प्रकार बाजारात शेकडो डॉलरला गेलेला आहे. जीवशास्त्रज्ञाच्या सूक्ष्मदर्शकाखाली सत्य उजेडात आणणारे प्रथिन आणि विक्रेत्याच्या फोटोत डोळे दिपवणारे प्रथिन एकाच कुळातले आहे. फरक एवढाच की प्रयोगशाळेत कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश टाकला ते नोंदवावेच लागते.

कॅमेऱ्याची धांदल

छंदाच्या बाजाराला आजचे रूप आले ते निळ्या एलईडीमुळे. प्रखर निळा एलईडी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाला. त्याच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याआधी टाकीवर मेटल हॅलाइडचे दिवे किंवा निळसर नळ्या असत. एलईडी आल्यावर पांढरा आणि निळा उजेड वेगवेगळा कमी-जास्त करता येऊ लागला. आता मोबाइलवर बोट सरकवले की टाकीवर दुपार होते आणि पुन्हा सरकवले की निळी सांज.

या निळ्या सांजेत कॅमेरा भांबावतो. माणसाचा डोळा परिस्थितीशी जुळवून घेतो. निळ्या खोलीत काही मिनिटे बसले की मेंदू तो निळेपणा वजा करू लागतो. कॅमेराही ‘व्हाइट बॅलन्स’ नावाच्या सोयीने तसेच करू पाहतो, पण त्याची मर्यादा आहे. उजेडाच्या छटेचे माप केल्विनमध्ये देतात. दुपारचा प्रकाश साडेपाच ते साडेसहा हजार केल्विनचा. बऱ्याच कॅमेऱ्यांची दुरुस्ती दहा हजारांच्या आसपास संपते. टाकीवरचे दिवे चौदा हजार, वीस हजार केल्विनचे म्हणून विकले जातात, आणि निव्वळ निळ्या एलईडीला तर हे मापही नीट लागू पडत नाही. मग सारा फोटो निळ्या शाईत बुडवल्यासारखा येतो.

इथे विक्रेत्याच्या हाताला दुरुस्तीचे काम लागते, आणि दुरुस्ती कुठे संपते व सजावट कुठे सुरू होते ते सांगणे अवघड होते. निळा कमी करून तांबडा आणि हिरवा वाढवला की पांढरी चकती पांढरी दिसू लागते. पण त्याच वेळी प्रवाळातून निघणारा मूळचा मंद नारिंगी प्रकाशही तेवढ्याच पटीने भडकतो. दुसरी रीत म्हणजे भिंगापुढे पिवळी किंवा नारिंगी काच धरणे. ती काच निळा प्रकाश अडवते आणि प्रतिदीप्ती तेवढी आत सोडते. पार्श्वभूमी काळी पडते आणि प्रवाळ एकटे पेटून उठते. या दोन्हीत एकही रंग ‘घातलेला’ नाही. ‘फोटोला हात लावलेला नाही’ हे वाक्य शब्दशः खरे असूनही दिशाभूल करू शकते, ते असे.

अर्थात सरळ लबाडीही चालते. रंगांची गडदता वाढवणारी पट्टी उजवीकडे सरकवली की तपकिरीचे सोने होते. मोठ्या, अनेक वर्षे वाढवलेल्या मूळ वसाहतीचा फोटो लावून तिच्या कडेचा, अजून रंग न धरलेला तुकडा पाठवला जातो. अगदी जवळून घेतलेल्या फोटोत सेंटीमीटरभराचा पॉलिप बशीएवढा दिसतो आणि मापासाठी शेजारी काहीच ठेवलेले नसते. नावांचेही तसेच. ‘वॉल्ट डिस्ने’, ‘अटर केऑस’, ‘रास्ता’ अशी नावे शास्त्रीय नाहीत. त्यांची नोंद ठेवणारी अधिकृत वही नाही. नाव फोटोला चिकटते, किंमत नावाला.

मात्र या नावांमुळे एक गोष्ट सोपी होते. तुकडे कापून वाढवलेली प्रवाळे आनुवंशिकदृष्ट्या एकच असतात, उसाच्या कांड्यांतून लावलेल्या उसासारखी. तेव्हा एकाच वंशाच्या तुकड्याचे चार विक्रेत्यांचे फोटो शेजारी ठेवले आणि चार वेगळे रंग दिसले, तर तो फरक वंशाचा नाही. तो उजेडाचा, जोपासनेचा किंवा संगणकाचा आहे, किंवा मग त्यांतला एखादा तुकडा त्या वंशाचाच नाही.

प्रमाण उजेड कोणता?

यावर कोणी म्हणेल, साडीसारखेच करावे आणि प्रत्येक फोटो दिवसाच्या पांढऱ्या उजेडात काढण्याचे बंधन घालावे. युक्तिवाद सरळ आहे, पण समुद्राला तो मान्य नाही. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषते. खाली जावे तसा नारिंगी, पिवळा जातो आणि स्वच्छ समुद्रात चाळीस-पन्नास मीटरवर मुख्यतः निळाच उरतो. तिथे राहणाऱ्या प्रवाळाच्या आयुष्यात ‘दिवसाचा पांढरा उजेड’ कधी येतच नाही. उथळ पाण्यात ही प्रथिने छत्रीचे काम करतात, म्हणजे जादा प्रकाशापासून शैवालाला वाचवतात. हे २००० मध्ये अन्या सालिह आणि सहकाऱ्यांनी दाखवले. उलट खोल पाण्यातल्या काही प्रवाळांत तीच प्रथिने निळ्याचे नारिंगी-तांबडे करून पापुद्र्याच्या आतल्या थरातल्या शैवालापर्यंत प्रकाश पोचवतात, असे साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या यर्ग वीडेनमान यांच्या गटाने २०१७ मध्ये मांडले. तेव्हा निळ्या उजेडातले रूप खोटे आणि पांढऱ्यातले खरे, असे म्हणता येत नाही. ज्याच्या घरी निळ्याच दिव्याची टाकी आहे, त्याला निळ्या उजेडातला फोटोच अधिक उपयोगी.

तात्पर्य, प्रवाळाला एक ‘खरा रंग’ नाही. पण म्हणून सगळे फोटो सारखेच प्रामाणिक ठरत नाहीत. प्रामाणिकपणाची कसोटी रंगाकडून माहितीकडे सरकते. कोणत्या दिव्याखाली, भिंगापुढे काच होती की नव्हती, फोटो कधीचा, आणि फोटोतला तुकडा तोच की त्याच्या जातभाईचा? शेवटच्या प्रश्नासाठी या बाजाराने ‘जे दिसते तेच मिळेल’ अशा अर्थाची एक खूणचिठ्ठी रूढ केली आहे. तुकड्याची ओळख तिने पटते, पण उजेडाची तिने काहीच हमी मिळत नाही.

तोच तुकडा मिळाला तरी तो तसाच राहील, असेही नाही. कमी उजेडात ठेवले तर प्रवाळ अधिक शैवाल आणि शैवाल अधिक रंगद्रव्य बाळगते, आणि सारे तपकिरी होते. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढले तरी तेच. यजमानाची रंगीत प्रथिने किती तयार व्हावीत हे निळ्या प्रकाशाच्या तीव्रतेवर अवलंबून असते, असे २००८ मध्ये याच वीडेनमान गटाच्या अभ्यासात दिसले. विक्रेत्याच्या टाकीतून तुमच्या टाकीत आलेला तुकडा काही आठवड्यांत नव्या घराचा रंग घेतो. अनेक विक्रेते तुकडा जिवंत पोचण्याची हमी देतात. रंगाची हमी सहसा कुणी देत नाही, आणि प्राणिशास्त्र पाहता प्रामाणिक माणसाला ती देताही येणार नाही.

सर्वांत सुंदर, म्हणून आजारी

इथवर नुकसान पैशाचे आणि हौसेचे. याच्यापुढे प्रश्न जिवाचा आहे.

पाणी तापले किंवा पोषकद्रव्यांचा तोल गेला की प्रवाळ आणि शैवाल यांचा संसार मोडतो. शैवाल बाहेर पडते, पापुद्रा पारदर्शक होतो, खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच प्रवाळाचे विरंजन म्हणतात. पण काही वेळा विरंजन झालेले प्रवाळ पांढरे न होता गुलाबी, जांभळे, पिवळे असे कधी नव्हे इतके रंगीत होते. त्याचे कारण २०२० मध्ये साउदॅम्प्टनच्याच गटाने उलगडले. शैवाल गेल्यावर प्रकाश शोषणारे कोणी उरत नाही. पांढऱ्या सांगाड्यावरून तो परततो आणि पापुद्र्यात निळा प्रकाश खेळू लागतो. त्या प्रकाशाने चेतून यजमान रंगीत प्रथिने भराभर बनवतो. ती छत्री उघडली की तिच्या सावलीत शैवाल परतण्याची शक्यता वाढते. सौम्य किंवा अल्पकाळच्या ताणात असे घडते.

म्हणजे तो झळाळता रंग जगण्याच्या धडपडीचा असू शकतो. ज्या तुकड्याचा फोटो सर्वांत देखणा, तोच कदाचित उपाशी असेल, कारण अन्न पुरवणारा भाडेकरू घर सोडून गेला आहे. फिकट, दुधाळ, चॉकलेटच्या गोळीसारखे रंग पाहून पैसे मोजणारा ग्राहक नकळत अशा तुकड्यासाठी जादा किंमत देतो. त्यानंतर त्या तुकड्याच्या वाट्याला येते कापणी, पिशवी, थर्माकोलचे खोके, एक-दोन दिवसांचा अंधार आणि नवी टाकी. मेला तर खरेदीदाराला वाटते, आपल्याला जमले नाही.

याहून उघड क्रूरता म्हणजे रंग चढवणे. फिकट मऊ प्रवाळ आणि समुद्रफुले कृत्रिम रंगात बुडवून भडक पिवळी, गुलाबी करून विकण्याचे प्रकार झालेले आहेत. तो रंग शैवालापर्यंतचा प्रकाश अडवतो आणि आधीच अशक्त झालेल्या जिवाचा घास काढून घेतो.

शिवाय हे तुकडे सगळेच टाकीत वाढवलेले नसतात. या व्यापाराला मोठा पुरवठा इंडोनेशियाकडून होतो. तिथे समुद्रात शेती केलेली आणि थेट शैलभित्तीवरून काढलेली, दोन्ही प्रकारची प्रवाळे निर्यात होत आली आहेत. सर्व कठीण प्रवाळे ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो. परवान्यावर जात आणि नग लिहिले जातात. रंग लिहिला जात नाही, आणि मागणी मात्र रंगाला असते. फोटोने फुगवलेली प्रत्येक अपेक्षा अखेर कुठल्या तरी भित्तीवर छिन्नी घेऊन उतरणाऱ्या हातापर्यंत पोचू शकते.

फोटो वाचण्याची रीत

प्रवाळाच्या फोटोत प्रवाळाकडे सर्वांत शेवटी पाहावे. आधी शेजारची साधी, ओळखीची वस्तू पाहावी. चकती, वाळू, तुकडे ठेवायची प्लॅस्टिकची जाळी या बहुधा पांढऱ्या असतात. त्या निळ्या-जांभळ्या दिसल्या, तर फोटो निळ्या उजेडातला आहे. त्या पांढऱ्या दिसत असून प्रवाळ निखाऱ्यासारखे पेटले असेल, तर तांबडा-हिरवा वर ओढलेला असण्याची शक्यता मोठी. मागचे सारे काळे असेल तर पिवळ्या काचेची शंका घ्यावी. बोट दिसत असेल तर उत्तम. माणसाच्या कातडीचा रंग आपल्याला इतका पाठ असतो की त्यातली लबाडी लगेच कळते, आणि मापही मिळते.

मग विक्रेत्याकडे दोन गोष्टी मागाव्यात. पांढऱ्या दिव्याखालचा एक साधा फोटो आणि दिवा बदलतानाचा छोटा व्हिडिओ. जो या बाबतीत सरळ आहे, त्याला यात कष्ट नाहीत. रंगाआधी पापुद्रा सांगाड्याला सर्वत्र चिकटलेला आहे का, पॉलिप उघडे आहेत का, कडेने पांढरी रेघ सरकत नाही ना, हे पाहावे. थोडासा तपकिरीपणा दिसला तर दचकू नये. तो भाडेकरू घरी असल्याचा पुरावा आहे.

भारतातल्या वाचकाने याआधी कायदा पाहावा. शैलभित्ती बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. वाघाला जे संरक्षण आहे, तेच त्यांना. आपल्या किनाऱ्यावरून तोडलेला जिवंत तुकडाच काय, मेलेला सांगाडाही विकणे गुन्हा आहे, मग फोटो कितीही प्रामाणिक असो. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ चे आहे. तिथली तपकिरी प्रवाळे विकत घ्यावी लागत नाहीत, जागेवर जाऊन पाहता येतात.

जिथे हा व्यापार कायदेशीर आहे, तिथे ग्राहकाची मागणी साधी असायला हरकत नाही. किमतीच्या खाली एक ओळ असावी, दिवा कोणता आणि फोटो कधीचा. ही ओळ सक्तीची करणारा नियम येईल तेव्हा येवो. ती नसलेल्या फोटोवर पैसे न मोजणे एवढे ग्राहकाच्या हातात आजही आहे.